अलार्म वाजला आणि कोणीच उठलं नाही

युनिव्हर्सिटीत आपत्ती व्यवस्थापन शिकवते म्हटलं की लोकांना स्लाइड्स आणि व्याख्या आठवतात, पण माझा निम्मा वेळ पुठ्ठे कापण्यात जातो. परवाच्या सेशनसाठी 32 कार्डं केली, प्रत्येकावर वेगळी अडचण. 'घोटा मुरगळलाय', 'चष्मा पडला, दिसत नाही', 'मैत्रीण वॉशरूममध्ये आहे'. मुख्य जिन्याला पिवळी-काळी टेप आणि 'इथे धूर' अशी पाटी, म्हणजे दुसरा जिना शोधणं आलंच. त्याआधी सगळ्यांना आपल्या मजल्याचा नकाशा आठवणीने काढायला लावला. दुसरा जिना फक्त 5 जणांनी दाखवला, रोज त्याच्या दारावरून जातात सगळे! त्या दारापुढे मोडके बेंच रचून ठेवलेत, तीनदा लेखी कळवलंय, अजून तिथेच आहेत. ड्रिल म्हटलं की ऑफिसला सह्या आणि फोटो हवेत, आधी नोटीस लावायची, ठरल्या वेळी रांगेत खाली उतरायचं. यातून कोणाचाही जीव वाचणार नाही.

म्हणून या वेळी परवानगी काढून, पण मुलांना काहीच न सांगता, नकाशे चालू असतानाच खरा अलार्म वाजवला. मला लाताने आणि डार्ली या मानसशास्त्रज्ञांचा 1968 चा प्रयोग वर्गात घडवून दाखवायचा होता. खोलीत फॉर्म भरत बसलेल्या माणसाच्या समोर भिंतीतल्या झडपेतून धूर सोडायचा. माणूस एकटा असेल तर 75 टक्के लोक उठून कळवायचे, सोबत दोघं मुद्दाम निवांत बसवलेले असतील तर जेमतेम 10 टक्के. तर ते निवांत बसणारं माणूस मी झाले. हाताची घडी, चेहरा शांत. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पुन्हा नकाशात डोकं. स्टॉपवॉचवर 1 मिनिट 50 सेकंद झाले तेव्हा मागच्या बाकावरचा एक जण उठला आणि मग सगळेच उठले.

नंतर चर्चा छान रंगली, मी प्रयोग सांगितला, सगळे चाट पडले. तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. तिला ऐकू कमी येतं, मशीन लावते, पण त्या दिवशी बॅटरी उतरली होती. म्हणाली, "मॅम, मला अलार्म ऐकूच आला नाही. मी अलार्म तुमच्या चेहऱ्यांवर वाचते. सगळे शांत होते, तुम्हीपण."

मला काय बोलावं सुचेना. 32 कार्डं केली मी, त्यात 'ऐकू येत नाही' असं एकही नव्हतं. आमच्या अलार्मला चमकणारा दिवा नाही हेही तोवर लक्षात आलं नव्हतं, आणि मी स्वतःला या विषयातली समजते.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच एक चित्र काढून घेऊन आली. शेजारच्याच्या खांद्यावर दोनदा थाप, मग बोट दाराकडे, की त्याने पुढच्याला तसंच करायचं. शब्द नाही, आवाज नाही. मला इंडोनेशियातलं सिमेउलुए बेट आठवलं, तिथे 1907 च्या त्सुनामीनंतर 'स्मोंग'ची (त्सुनामीला तिथला शब्द) गोष्ट गाण्यांतून पिढ्यान्पिढ्या चालत आली, जमीन हलली आणि समुद्र मागे हटला की डोंगराकडे पळा, आणि 2004 च्या त्सुनामीत तिथली बहुतेक सगळी माणसं वाचली. टिकतं ते असं, लोकांनी स्वतः केलेलं. ते चित्र आता 33 वं कार्ड आहे. दिव्यासाठी अर्ज दिलाय, त्याला तिचं वाक्य जसंच्या तसं जोडलंय.

पुढच्या बॅचला अलार्म वाजेल तेव्हा मी पुन्हा तसाच शांत चेहरा करून उभं राहायचं का, हे काही अजून ठरत नाहीये. प्रयोग त्याशिवाय होत नाही. पण तो चेहरा कोणीतरी वाचत असतं.