नवतपात पाहिलेला कुरोसावा

यंदा नवतपाच्या दिवसांत वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावी, अंगणात पाणी शिंपून खाट टाकल्यावर, मी जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांचा १९४९ सालचा ‘स्ट्रे डॉग’ हा चित्रपट पुन्हा पाहिला. रात्र, ओले रस्ते आणि लांब सावल्या ही हॉलीवूडच्या न्वार, म्हणजे काळोख्या वातावरणातल्या गुन्हेपटांची ओळख. कुरोसावांनी मात्र गुन्ह्याची गोष्ट टोकियोच्या रणरणत्या उन्हात मांडली, आणि मला ती अधिक खरी वाटते.

पहिल्याच दृश्यात जीभ बाहेर काढून धापा टाकणारा कुत्रा दिसतो. गर्दीच्या बसमध्ये तरुण पोलीस मुराकामी याचे सात गोळ्या भरलेले पिस्तूल चोरीस जाते आणि त्याच पिस्तुलाने गुन्हे घडू लागल्यावर तो प्रत्येक गोळीचा दोष स्वतःच्या माथी घेतो. उकाडा येथे केवळ ऋतू म्हणून येत नाही. नाच संपवून आत आलेल्या नर्तकी जमिनीवर अंग टाकून देतात आणि कॅमेरा त्यांच्या घामेजलेल्या कातडीजवळ जाऊन थांबतो, तेव्हा युद्धात हरलेल्या शहराचा थकवा एक शब्दही न बोलता कळतो. पिस्तूल शोधत मुराकामीने केलेली काळ्या बाजारातली भटकंती तर सहायक दिग्दर्शक इशिरो होंडा यांनी खऱ्याखुऱ्या बाजारांत जाऊन चित्रित केली होती. पुढे १९५४ मध्ये ‘गॉडझिला’ दिग्दर्शित करणारे ते हेच.

पण मला बांधून ठेवते ती दुसरीच गोष्ट. मुराकामी आणि त्या पिस्तुलाने गुन्हे करणारा युसा हे दोघेही युद्धावरून परतलेले सैनिक, आणि परतीच्या वाटेवर दोघांच्याही पिशव्या चोरीला गेलेल्या. त्यानंतर एक पोलिसांत गेला, दुसरा गुन्ह्याकडे वळला. एकाच वर्षी नापिकी झालेल्या दोन घरांतली मुले दोन वाटांनी गेलेली मी गावात पाहिली आहेत, म्हणून युसाला नुसता खलनायक म्हणणे मला जमत नाही. पुढे १९६० च्या दशकात निक्कात्सु या जपानी स्टुडिओच्या गुन्हेपटांत झगमगाट आणि शैली वाढली. ते देखणे आहेत, पण ही कणव मला त्यांत क्वचितच सापडली.

शेवटचा पाठलाग झाडाझुडपांत आणि चिखलात होतो. जवळच्या घरातून पियानोचे सूर येतात; गोळीचा आवाज ऐकून वाजवणारी बाई खिडकीतून क्षणभर पाहते आणि पुन्हा वाजवू लागते. बेड्या घातल्यावर दोघेही गवतात धापा टाकत पडतात, चिखलाने इतके माखलेले की पोलीस कोण आणि गुन्हेगार कोण हे चटकन ओळखू येत नाही. तेवढ्यात लहान मुले गाणे म्हणत बाजूने निघून जातात, आणि डोक्यावरच्या फुलांकडे पाहता पाहता युसा हंबरडा फोडतो.