रोजचे ३,००० रुपये

गेल्या शनिवारी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, पुढच्या महिन्यापासून तुम्ही कन्सल्टंट. पगाराऐवजी बिल द्या, दिवसाचे ३,०००." गुरुवारची सुट्टी सोडून २६ दिवस, म्हणजे ७८,०००. माझा पगार ६०,००० आहे. भोसरीहून घरी येईपर्यंत त्या वरच्या १८,००० चं काय करायचं हे मी ठरवूनही टाकलं होतं.

रात्री मुलं झोपल्यावर वही घेतली. वर्षाला २१ रजा आणि १० सणांच्या सुट्ट्या मला भरपगारी मिळतात. रोजंदारीत त्या ३१ दिवसांचे ९३,००० गेले, म्हणजे महिन्याला ७,७५०. बेसिक ३०,००० वर कंपनी भरते तो १२ टक्के पीएफ, ३,६००. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळते ती रक्कम, वर्षाला पंधरा दिवसांची, महिन्याला १,४४२. चौघांचा मेडिक्लेम स्वतः काढायचा तर २,५००. दिवाळीचा बोनस महिन्यावर वाटला तर १,६६७. वरच्या १८,००० मधून खाली उरले १,०४१ रुपये. बिलातून टीडीएस, म्हणजे आधीच कापून घेतलेला कर, जाईल तो वेगळाच. रिटर्न भरल्यावर हिशोबात येतो हे खरं, पण घराचा हप्ता पाच तारखेला जातो.

नऊ वर्षं मी इथे फिक्स्चर, म्हणजे मशीनवर जॉब घट्ट धरून ठेवणारी साधनं, डिझाइन करते. मशीनवर जॉब, म्हणजे घडवायचा भाग, पक्का बसला की ऑपरेटर खालून हात वर करतो, त्यासाठी मी या कामात आहे. स्वतंत्र काम मला मनापासून हवंय. एमआयडीसीत दहा-बारा मशीनची कितीतरी वर्कशॉप आहेत, त्यांना पूर्णवेळ डिझायनर परवडत नाही. पण सरांच्या कागदावर वेळ नऊ ते सहा, अंगठा लावायचा, आणि दुसरीकडे काम करायचं नाही. मग स्वतंत्र कशात झाले मी? जोखीम तेवढी माझ्या नावावर.

टूलरूममधले काका म्हणाले, "आधी नऊ वर्षांची ग्रॅच्युइटी हातात घे, मग सही कर." ती दीड लाखाच्या वर होते. घराच्या कर्जावर टॉप-अप, म्हणजे वाढीव कर्ज, घ्यायचा आहे, तोही पगाराच्या स्लिपा आहेत तोवरच. धंद्यावर मागायला गेलं की बँक दोन-तीन वर्षांचे रिटर्न मागते.

उद्या सरांना लिहून देणार आहे: दिवसाचे ४,०००, आठवड्यातले चारच दिवस, आणि बाकी दिवशी मी कोणाचंही काम करेन. कॅडचं, म्हणजे डिझाइनच्या सॉफ्टवेअरचं, लायसन्स कंपनीचं, पण ते फक्त कंपनीच्या कामाला. बाहेरच्या कामासाठी माझं मी घेईन. नाही म्हणाले तर माझा पगार आहे तसा राहू दे, असंही त्यातच लिहिलंय.