ग्लोरियाचा स्विच

माझा धंदा मायक, स्पीकर आणि रोषणाईचा. फोंड्याकडच्या जत्रा, मराठी नाटकं, शिगम्याचे, म्हणजे गोव्यातल्या होळीच्या उत्सवाचे, चित्ररथ यांतच आमचं वर्ष जातं. २०२३ साली गोव्यातल्याच साष्टीतल्या एका इगर्जीचं, म्हणजे चर्चचं, पवित्र आठवड्याचं (ईस्टरच्या आधीच्या आठवड्याचं) काम पहिल्यांदा घेतलं.

६ एप्रिलला पहाटे हनुमान जयंतीचं कीर्तन उरकलं, सामान टेम्पोत टाकलं आणि दुपारी इगर्ज गाठली. तो पवित्र गुरुवार होता, गुड फ्रायडेच्या आदला दिवस. दोन्ही एकाच दिवशी आले, कारण चंद्र एकच. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची, तिच्या पुढचा रविवार ईस्टरचा.

इगर्जीच्या चाव्या सांभाळणारे अंकल सत्तरीपारचे. त्यांनी मला आत फिरवलं. मूर्ती जांभळ्या कापडात झाकलेल्या. गुरुवारच्या मिसेत (मुख्य प्रार्थनाविधीत) ग्लोरिया हे स्तुतिगीत झालं की घंटा बंद, त्या थेट शनिवारी रात्रीच्या ग्लोरियाला वाजणार. मधल्या वेळात मात्राक: लाकडी फळी, तिला लोखंडी कड्या, हलवली की खडखडते. मी एक मायक मात्राकीसाठी ठेवू का म्हणून विचारलं. अंकल हसले. "नाका रे बाबा."

मग ते मधोमध उभे राहिले आणि कानाला हात लावला. "कितें तरी घुणघुणता."

घुणघुण होतीच. अँप्लिफायर एका बोर्डावर, मिक्सर दुसऱ्या. अर्थिंगचा फरक पडला की स्पीकर बारीक गुणगुणतो. शिगम्यात तासे-ढोलांपुढे ती कोणाच्या बापाला ऐकू येत नाही. मी तसं म्हटलंही. अंकल म्हणाले, "फाल्यां तीन वाजता पाद्री आडवो पडटलो. तेन्ना हें नाका." फाल्यां म्हणजे उद्या, गुड फ्रायडेला.

रात्री सगळं सामान एका बोर्डावर आणलं, केबली बदलल्या, अँप्लिफायरचा पंखा गुरगुरतो म्हणून तो उचलून बाजूच्या खोलीत नेला. इतकी मेहनत आवाज काढण्यासाठी मी कधी केली नव्हती, आवाज जाण्यासाठी तर नाहीच.

शुक्रवारी त्या दिवसाची मिसा नसते, हे मला तिथेच कळलं. वेदी उघडी, तिच्यावर कापडसुद्धा नाही. तीनला पाद्री लाल वस्त्रांत आले, घंटा नाही, गाणं नाही, सरळ वेदीपुढे जमिनीवर पालथे झाले. इगर्ज गच्च भरलेली आणि गुडघ्यांवर. मी मिक्सरवर बोटं ठेवून स्पीकर ऐकत होतो. काही नव्हतं. कुठंतरी एक मूल कुरकुरलं, तेवढंच.

संध्याकाळी ख्रिस्ताची मूर्ती घेऊन मिरवणूक निघाली. मागून दुःखी सायबीण, म्हणजे मारियेची मूर्ती, पुढे मात्राक, मोतेत ही दुःखाची भक्तिगीतं गाणारे आपल्या गळ्यावर गात चाललेले. जत्रेत पालखीबरोबर माझा भोंगा असतो. इथे मी हात हलवत मागून चालत होतो आणि हातांचं काय करावं ते सुचत नव्हतं. परतल्यावर अंकलनी पेज नि लोणचं वाढलं. उपासाचा नियम १८ ते ५९ वयाच्यांना. अंकल तरीही दिवसात एकदाच जेवले होते.

शनिवारची रात्र खरी परीक्षेची. इगर्ज पूर्ण काळोखात हवी. ट्यूबलाइट मालवणं सोपं, पण मिक्सरचे हिरवे-तांबडे ठिपके, इन्व्हर्टरचा दिवा, मायकच्या बुडाची लाल टिकली, सगळ्यांवर काळी टेप लावत बसलो. अंगणातले जुने मेटल हॅलाइड झोत पूर्ण पेटायला काही मिनिटं घेतात. ग्लोरिया तितका थांबत नाही, म्हणून तिथे एलईडी बसवले.

बाहेर नवा अग्नी पेटवला. मोठ्या मेणबत्तीवर पाद्रींनी क्रूस, अल्फा-ओमेगा आणि २०२३ चे चार आकडे कोरले, धुपाचे पाच मणी खोवले. त्या एका ज्योतीवरून शेकडो मेणबत्त्या लागत गेल्या. मग बायबलच्या जुन्या कराराची वाचनं. ती सातपर्यंत असू शकतात, पण इस्राएली लोक तांबडा समुद्र पार करतात ते वाचन गाळता येत नाही. या इगर्जीत चारच होणार होती, आणि चौथ्यानंतरची प्रार्थना संपली की माझं काम. मी एमसीबीवर, म्हणजे दिव्यांच्या मुख्य खटक्यावर, अंगठा ठेवून वाचनं मोजत होतो, घामाने अंगठा घसरत होता.

पाद्रींनी ग्लोरियाचा पहिला सूर लावला. मी खटका वर ढकलला. दिवे, वरच्या घंटा, हातातल्या घंट्या, ऑर्गन, मूर्तींवरची कापडं खाली, सगळं एकदम. गायकवृंद असा सुटला की मिक्सरचे काटे लाल पट्ट्यात गेले. मी आवाज कमी करायला हात घातला तोच अंकल कानाशी ओरडले, "वाडय, वाडय!" म्हणजे वाढव.

रविवारी केबलींवरचं मेण खरवडताना त्यांनी पुढच्या वर्षाचं विचारलं. २०२४ चा ईस्टर ३१ मार्चला, होळी २४ ला. म्हणजे गुड फ्रायडे ऐन शिगम्यात. माझ्याकडे चांगला मिक्सर एकच. तो इगर्जीसाठी लिहून ठेवला आणि चित्ररथाला भाच्याबरोबर जुना पाठवायचं ठरवलं. चित्ररथाला घुणघुण चालते.