आमची वाटचाल : अर्धा ण आणि चोवीस रीम

वडिलांची ट्रेडल होती, म्हणजे छपाईचं जुनं छोटं मशीन. खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवून पत्रिका, हँडबिलं, पावतीपुस्तकं छापायचे. १९९७ साली मी कॉम्प्युटर घेतला, तर आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पानं मांडायचं पेजमेकर, मराठी फॉन्टचं पॅकेज आणि त्याचं लॉक. हे लॉक प्रिंटरच्या पोर्टला मागून लावायचं, अंगठ्याएवढं. ते नसेल तर मराठी उमटायचं नाही. लेझर प्रिंटरवर ट्रेसिंग पेपर काढून, खालून दिवा असलेल्या लाईट टेबलवर पानं लावायची. त्या टेबलच्या काचेवर आजही एक चरा नाही.

पहिला मोठा जॉब दिला तो पतसंस्थेचे चेअरमन अण्णांनी. वार्षिक अहवाल. १/८ डेमी आकार, ४८ पानं, सोळा पानांचा एक असे तीन फर्मे. तेव्हापासून दरवर्षी अहवाल आमच्याकडेच. मधली वर्षं बरी गेली. जुनी १९×२६ इंची सिंगल कलर ऑफसेट मशीन घेतली, कर्ज फेडलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचं ते २०१४ चं. ऑगस्टअखेर, अहवालाचा सीझन. सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायला हवी आणि नोटीस चौदा दिवस आधी सभासदाच्या हातात. अण्णांनी प्रूफावर सही केली आणि त्याच रात्री माझ्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड गेला. सकाळी नवा आणला, तर त्याला ते पोर्टच नाही! लॉक हातात घेऊन मी मागची बाजू चाचपत बसलो.

मग ठरवलं, मजकूर युनिकोडमध्ये करू, म्हणजे लॉकशिवाय कुठेही चालणाऱ्या मराठीत. कन्व्हर्टरने मजकूर उत्तम आला, पण आकड्यांचं वाटोळं झालं. आकडे इंग्रजी फॉन्टमध्ये होते. आमच्या जुन्या फॉन्टमध्ये स्वल्पविरामाच्या घरात, म्हणजे त्याच कोडवर, ‘ए’ आणि टिंबाच्या घरात अर्धा ‘ण्’ असायचा. आकडे दुसऱ्या फॉन्टचे आहेत हे कन्व्हर्टरला काय कळतंय? ताळेबंदात १,२५,४००.५० चे झाले ‘१ए२५ए४००ण्५०’.

रात्रीचा दीड वाजलेला. नोटपॅड उघडलं. ‘ए’ काढ, स्वल्पविराम घाल. ‘ण्’ काढ, टिंब घाल. रिप्लेस ऑल. ताळेबंदाची बेरीज दोनदा तपासली, पैशापर्यंत जुळली. शब्द कोण वाचतंय? त्यांवर तर सही झालेली! कोल्हापुरात प्लेटा झाल्या, चार हजार प्रती छापल्या. घडी घालताना बायकोने विचारलं, “अहो, हे ‘कर.यात’ काय आहे?”

अहवालात दुसरं असतं काय? ठराव मंजूर करण्यात आला, लाभांश देण्यात आला. सगळीकडे ‘कर.यात’, ‘दे.यात’. एकूणचं ‘,कूण’, एप्रिलचं ‘,प्रिल’. आणि पहिल्या पानावर चेअरमनच्या फोटोखाली ‘मा. अ.णासाहेब’.

चोवीस रीम कागद रद्दीत, रीम म्हणजे पाचशे ताव. मशीनवरचा वेस्टेज धरला नाही. म्हणून सांगतो, आकडे आणि मजकूर वेगळ्या फाईलमध्ये ठेवा, आणि फॉन्ट बदलला की प्रूफ नव्याने, सहीसुद्धा नव्याने घ्या. गिऱ्हाईक कुरकुरलं तरी चालेल.

गावभर झालं ते आमच्यामुळे नाही. समोर ज्यांचं दुकान आहे, ते सहा वर्षं माझ्याच हाताखाली होते. कटरवर कागद ठोकून सारखा करायलाही मीच शिकवलं. रद्दीतली एक प्रत त्यांच्या हाती कशी गेली, देव जाणे. दुपारपर्यंत पहिल्या पानाचा फोटो निम्म्या कराडच्या व्हॉट्सॲपवर. संध्याकाळी हे महाशय कोटेशन घेऊन पतसंस्थेत हजर. माझ्यापेक्षा प्रतीमागे दोन रुपये कमी. आम्हाला ‘टिंब प्रेस’ हे नाव तेव्हा पडलं.

दुसऱ्या दिवशी अण्णा प्रेसमध्ये आले. स्टुलावर बसून पान आधी नीट चघळलं.

“माझा अर्धा ण खाल्लास.”

मी मान खाली घातली.

“पचला का?”

“नाही, अण्णा.”

“मग ओक. चार दिवस देतो.”

कोटेशनचा विषय त्यांनी काढलाच नाही. कागदवाल्याने उधारीवर माल दिला. मशीनमन तीन रात्री घरी गेला नाही. त्याची बायको डबा घेऊन आली ती पिना मारायला बसली. वेळेत पोस्टात पडले चार हजार. त्या वर्षीचा नफा सोडा, दिवाळीला मशीनमनला बोनस द्यायला अंगठी मोडली.

नवी ऑपरेटर मुलगी हुशार आहे. युनिकोडशिवाय तिला काही ठाऊक नाही. ड्रॉवरमधलं लॉक बघून तिने विचारलं, “काका, हा कसला पेनड्राईव्ह?” टाकू नकोस म्हटलं. जुन्या फायली असतील त्यांनी कोणीच टाकू नये, जुना कॉम्प्युटरही भंगारात देऊ नये.

गेल्या वैशाखात समोरच्या दुकानातून त्यांच्या पुतण्याची पत्रिका आली, घरचंच लग्न. पहिल्या वेलांट्या सगळ्या एकेक घर उजवीकडे सरकलेल्या. बहुधा कोरल या डिझाईनच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत युनिकोड ओतलं असावं. मी फोटो काढून ठेवलाय. कोणाला पाठवला नाही. अजून तरी.