बाटल्यांची बुडं फुगली तेव्हा

मे महिन्यात महाबळेश्वरच्या आमच्या जुन्या दुकानदारांचा फोन आला, "वहिनी, बाटल्या उभ्याच राहीनात. बुडं बाहेर आलीत." वाईला पसरणी घाटाच्या पायथ्याशी आमचं स्ट्रॉबेरी स्क्वॅशचं छोटं युनिट आहे. त्यातली एक बाटली मागवून झाकण फिरवलं, तर फस्सकन गॅस सुटला आणि ताडीसारखा आंबूस वास आला. लहान मुलं पितात हे. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

जो तो एकच सांगायचा, बेन्झोएट (माल टिकवणारं रसायन) वाढवा. पण स्क्वॅशला कायद्याने किलोमागे 600 मिलिग्रॅमची मर्यादा आहे आणि आम्ही तिथवर आधीच पोचलो होतो. शिवाय साखर आंबवून गॅस करणाऱ्या यीस्टच्या काही जाती एवढ्या बेन्झोएटलाही दाद देत नाहीत. हे मला साताऱ्याच्या एका कॉलेजातल्या मायक्रोबायोलॉजीच्या मॅडमकडून कळलं. त्यांनी बाटलीतला थेंब काचपट्टीवर घेतला, त्यात मिथिलीन ब्लू हा निळा रंग टाकला आणि मला सूक्ष्मदर्शकात बघायला लावलं. लांबट गोल दाणे, काहींना बाजूला कळी फुटलेली. "मेलेली पेशी निळी दिसते, जिवंत पेशी आत रंग टिकू देत नाही," मॅडम म्हणाल्या. निळी एखाददुसरीच होती.

माझा सगळा संशय पाश्चरायझरवर, म्हणजे माल तापवून जंतू मारणाऱ्या यंत्रावर. थर्मामीटर बदलला, 85 अंशावरचा वेळ वाढवला, तरी पुढची बॅच फुगलीच. मग मॅडमच्या सांगण्यावरून पाच ठिकाणचे नमुने घेतले: पल्प, पाकाची टाकी, पाश्चरायझरनंतर, फिलिंगची टाकी आणि बंद बाटली. नमुन्यातलं यीस्ट वाढवून बघायच्या प्लेटा 25 अंशाला पाच दिवस ठेवायच्या असतात. ते पाच दिवस फार जड गेले. पाश्चरायझरनंतरची प्लेट कोरी, फिलिंग टाकीचीही कोरी. बाटलीची मात्र पांढरट ठिपक्यांनी गच्च, मोजताच येईना. म्हणजे टाकी आणि बाटलीमधल्या हातभर वाटेतच ते शिरत होतं.

गेल्या वर्षापर्यंत आम्ही काचेच्या बाटल्यांत गरम गरम भरायचो. त्या उष्णतेने नोझल, म्हणजे बाटलीत माल सोडणाऱ्या तोट्याही निर्जंतुक होत होत्या. यंदाची पेटची (प्लास्टिकची) बाटली गरम मालाने आकसते, म्हणून स्क्वॅश गार करून भरायला लागलो. धुण्याची पद्धत तेवढी जुनीच राहिली.

सहाही नोझल खोलले. तिसऱ्याचं रबरी वायसर नखाने उचकटलं, तर खाली गुलाबीसर बुळबुळीत थर, बोटाला तार धरणारा. वायसरला केसाएवढी चीर. रोज सोडलेलं गरम पाणी वरून वाहून जायचं. चिरेत उरायचा तो पातळ झालेला गोडवा, ज्यात बेन्झोएटही तेवढंच पातळ. तिथे यीस्ट निवांत पोसलं होतं.

दुकानांतला सगळा माल परत आणला, पैसे दिले. चांगलाच फटका बसला, पण दुसरं काही मनात आलंच नाही. आता रोज संध्याकाळी नोझल खोलूनच धुतो: 75 अंशाला दोन टक्के कॉस्टिक सोडा, मग साधं पाणी, शेवटी पेरॅसेटिक ॲसिड हे जंतुनाशक. हातमोजे आणि चष्म्याशिवाय कॉस्टिकला कुणी हात लावायचा नाही, यावर मी वाद ऐकून घेत नाही. वायसर दर महिन्याला नवी, चीर दिसो वा न दिसो.

नव्या बॅचच्या 12 बाटल्या 30 अंशाच्या कपाटात ठेवल्या. रोज सकाळी ओट्यावर एकेक उभी करून बघायचे. पंधराव्या दिवशीही बाराच्या बारा सरळ उभ्या राहिल्या, प्लेटाही कोऱ्या आल्या. मग महाबळेश्वरला फोन लावला.