नकटी

आज मावसबहिणीबरोबर कॉस्मेटिक क्लिनिकला जाऊन आले, रात्रीचा एक वाजला तरी झोप नाहीये म्हणून लिहितेय. तिला नाकाची सर्जरी करायचीये. मला तिच्या नाकात काहीच वावगं दिसत नाही आणि हे मी तिला दोन वर्षं सांगतेय, आज कळलं की तिला वाटायचं ताई माझं मन राखतेय.

डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, दिवसातनं किती वेळ नाकाचा विचार डोक्यात असतो? ही म्हणाली, चार-पाच तास. मी बघतच राहिले, एका फ्लॅटमध्ये राहतो आम्ही! मग एकेक बाहेर आलं. ऑफिसात कोपऱ्यातलीच खुर्ची, कारण बाजूने कोणाला नाक दिसू नये, दादाच्या लग्नाला आली नाही ते पोट दुखत होतं म्हणून नव्हे, आणि सकाळी बाथरूममध्ये वेळ लागतो तो आरशापायी. आणि मी बाहेरून दार बडवायचे, आवर गं लवकर.

डॉक्टर म्हणाले बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर असू शकतो, म्हणजे दिसण्यातलं नसलेलं किंवा अगदी बारीकसं व्यंग सतत खुपत राहण्याचा मानसिक आजार, पक्कं सायकियाट्रिस्ट सांगतील, तोवर मी ऑपरेशन करणार नाही. रिक्षात घर येईपर्यंत रडत होती.

मग मी वाचत बसले. मोर्सेली नावाच्या इटालियन डॉक्टरने १८९१ सालीच हे लिहून ठेवलंय, आणि आपण सगळं खापर सेल्फी नि फिल्टरवर फोडतो. साधारण शंभरात दोघांना असतो, कॉस्मेटिक सर्जरीला येणाऱ्यांत बराच जास्त. ओसीडीच्या, म्हणजे तेच तेच विचार आणि त्याच त्याच कृती थांबवता न येण्याच्या आजाराच्या, जवळचा आजार. सर्जरी करून खूश असणारे कितीतरी लोक आहेत, पण हा आजार असेल तर बहुतेकांना ऑपरेशनने बरं वाटत नाही, नाक झालं की हनुवटी खुपायला लागते. सीबीटी थेरपी (विचार करायची आणि वागायची सवय बदलायला शिकवतात ती) आणि एसएसआरआय गोळ्यांनी (डिप्रेशनवर देतात त्याच) मात्र फरक पडतो, हे वाचून जरा जीवात जीव आला.

मावशीला फोन केला तर म्हणे वेड्यांच्या डॉक्टरकडे कशाला, लग्न झालं की सुटेल सगळं. मी पहिल्यांदाच मावशीवर आवाज चढवला. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, ही म्हण आमच्याकडे तिच्याकडे बघून म्हटली जायची, लाडाने, ती सात-आठ वर्षांची असल्यापासून, आणि सगळे हसायचे, मीपण. तेवढ्यानेच झालं असं कोणी म्हणणार नाही, पण मला ते हसू आज राहून राहून ऐकू येतंय.

शुक्रवारची साडेपाचची अपॉइंटमेंट मिळालीये. येते म्हणाली, पण तू आत बसायचंस. हाफ डे टाकलाय.