टिंकरिंग लॅबच्या किल्लीचे सहा हेलपाटे

मे महिन्यात वाडीतल्या आणि मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांच्या पोरांसाठी चार दिवस 'करून बघा' वर्ग घ्यायचं ठरलं. जवळच्या हायस्कुलात अटल टिंकरिंग लॅब आहे, म्हणजे पोरांनी हाताने वस्तू जोडून, करून बघायची केंद्राच्या योजनेतली प्रयोगशाळा. पोरं जमली, पुठ्ठे जमले, करवंट्या तर प्रत्येकाच्या मागीलदारी. अडलं किल्लीवर.

किल्ली संस्थेच्या कचेरीत. शिपाईकाकांनी मान वर न करता सांगितलं, "सायब भायर गेलेत. उद्या येवा." उद्या गेलो तर म्हणे शाळेचं पत्र आणा. पत्र नेलं, तर ठराव हवा. ठरावाला बैठक, बैठकीला कोरम, आणि अर्धे सदस्य आंब्याच्या बागेत! पाचव्या खेपेला अर्ज परत आला: लॅब सहावी ते बारावीसाठी, तुमच्या यादीत दुसरीची पोरं कशी? नियम तसाच आहे, कबूल. पण हे पहिल्याच दिवशी सांगायला काय झालं होतं? लॅब उभारायला केंद्राचे 10 लाख, ती चालवायला आणखी 10, आणि लॅबमधल्या थ्रीडी प्रिंटरवर (प्लास्टिक वितळवून थरावर थर देत वस्तू घडवणारं यंत्र) चादर! म्हणून सांगतो, अर्जातच इयत्ता लिहा आणि पोच घ्या. मी घेतली नव्हती.

धाकट्यांची नावं काढली, सहाव्या खेपेला किल्ली मिळाली. धाकटी पोरं आमच्या पडवीतच बसवली, आणि खरं तर त्यांना लॅब लागतच नव्हती. अर्ध्या करवंटीवर खेळण्यातली 3 व्होल्टची मोटर, तिच्या दांड्याला एका बाजूला खोडरबराचा तुकडा, दोन पेन्सिल सेल आणि पायांना खराट्याचे हीर. वजन एका अंगाला असल्यामुळे सगळं थरथरतं आणि हा करवंटीचा खेकडा तिरका पळतो. एक तर थेट गोठ्यात घुसला.

मोठ्यांनी लॅबमध्ये एलईडी जोडले (लांब पाय धन बाजूला), आठवीच्या पुढच्यांनी सोल्डरिंग केलं (वितळलेल्या कथलाने तारा जोडल्या), चष्मा लावून, खिडक्या उघड्या ठेवून. थ्रीडी प्रिंटरने मात्र रडवलं. कोकणातली दमट हवा, आणि त्याच्या प्लास्टिकच्या तारेची उघडी पडलेली रिळं. ओल धरलेलं प्लास्टिक तडतडत होतं आणि केसांसारखे धागे सोडत होतं. रीळ घट्ट डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसकट ठेवायला हवं होतं.

हो, एक राहिलंच: पडवीत बटण सेल (घड्याळात असतो तो चपटा गोल सेल) अजिबात नेऊ नका. पोराने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजतो.

पाचव्या दिवशी किल्ली परत दिली, या वेळी पोच घेऊन. सायब तेव्हाही भायरच होते.